शांतम्माची कात्री

निजामाच्या राज्यात, सेलूच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा शांतम्मा नावाची बाई होती. कागदावर तिचा हुद्दा उर्दूत लिहिलेला, आणि उर्दू वाचणारं माणूस खेड्यात शोधूनही सापडायचं नाही. म्हणून गावोगाव तिला नुसतं 'दवाखान्याची बाई' म्हणत. उंच, हाडकुळी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, काखेला खाकी पिशवी. चालायची अशी की बरोबरच्याला धाप लागावी, आणि बोलायची त्याहून फटकळ. एखाद्या सासूनं लेकराच्या पोटावर बिब्ब्याचे डाग दिलेले दिसले, की चारचौघींदेखत तिला विचारायची, तुमच्या पोटावर देऊ का दोन, बघा कसं वाटतंय ते. सासवा तिच्या नावानं बोटं मोडत. सुना मात्र तिच्या वाटेकडं डोळे लावून बसत.

काम म्हणजे काय, तर सहा गावं आणि दोन पाय. ज्या घरात पोटुशी बाई असेल, नाहीतर दोन वर्षांच्या आतलं लेकरू असेल, त्या घराचा उंबरा आठवड्यातून एकदा चढायचा. लेकराचे डोळे बघायचे, बेंबी बघायची, आईला दूध येतंय का, ताप आहे का, ते विचारायचं. कापूस वेचायला जाताना लेकराला अफूची गोळी चाटवून निजवणाऱ्या बायांशी ती कडकडून भांडायची. भांडून झालं की तिथंच खाली बसून विचारायची, बरं, मग लेकराजवळ थांबायला घरात कोण आहे? कुणीच नसायचं. मग शांतम्मा पिशवी उचलून पुढच्या घरी जायची. उगीच काहीतरी बोलून वेळ मारून न्यायचा तिचा स्वभाव नव्हता. हैदराबादेत पंख्याखाली बसून हुकूम काढणाऱ्यांना एक दिवस वेचणीला धाडलं असतं, तर त्यांनाही हे कळलं असतं. पण त्यांना कोण धाडणार!

ती मूळची पालमची. बाप गुरुपाद, लुगड्या-खणांचं लहानसं दुकान चालवणारा. तेराव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी पहिलं बाळंतपण, ते माहेरी. नाळ कापली तिच्या आईनं, उमादेवीनं, स्वतःच्या हातानं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. घरातला विळा राखेनं घासून घासून असा लखलखीत केला की त्यात तोंड दिसावं. मुलगी झाली होती. सात दिवस गुटगुटीत होती. आठव्या दिवशी तिनं दूध सोडलं, जबडा आवळला, जरा कुणी हात लावला की अंग ताठ होऊन मागं वाकायचं. दुसऱ्या दिवशी संपलं. सटवाईनं नेली, असं सगळ्यांनी म्हटलं आणि उमादेवी भिंतीला डोकं आपटून आपटून रडली.

पुढच्याच साली नवरा प्लेगात गेला. सासरच्यांनी तिला पालमला आणून सोडलं आणि परत विचारलं नाही. हैदराबादेत बायकांच्या दवाखान्यात सुईणीचं शिक्षण देतात, अशी खबर कुणीतरी आणली. भाऊबंद गुरुपादाच्या अंगावर धावून आले, पोरीला शहरात धाडून बाजार मांडणार काय म्हणाले. गुरुपाद गरीब माणूस, पण त्या एका गोष्टीत हटला नाही. लेकीला स्वतः गाडीत बसवून आला.

तिथं दोन वर्षं. एके दिवशी डॉक्टरीणबाई शिकवत होत्या. शेणात, मातीत, गोठ्यातल्या धुळीत एक विष असतं, डोळ्याला दिसत नाही, पाण्यानं धुतलं तरी जात नाही. विळ्याला ते चिकटतं, विळ्यावरून नाळेत जातं, आणि सातव्या-आठव्या दिवशी लेकराचा जबडा बसतो. बाकीच्या पोरी भराभरा लिहून घेत होत्या. शांतम्माचा हात थांबला. तिला आईचा तो लखलखीत विळा दिसला, आणि घासून झाल्यावर आईनं तो गोठ्यातल्या खुंटीला अडकवला होता, ते दिसलं. दोन दिवस ती जेवली नाही. सुट्टीत पालमला आली तेव्हा उमादेवीनं कौतुकानं विचारलं, काय काय शिकलीस गं? पुष्कळ शिकले, एवढंच ती म्हणाली. नाळेबद्दल चकार शब्द काढला नाही. आई आता कुणाची नाळ कापणार नव्हती. सांगून फक्त आपली आग तिच्या पदरात ओतायची होती, आणि तेवढं शांतम्माच्यानं झालं नाही. उमादेवी सटवाईला बोल लावत लावतच गेली. लेकीनं ते आपल्या छातीत ठेवून घेतलं.

सहा गावांत सगळ्यांत अवघड गाव धामणवाडी. दुधना नदी ओलांडून पलीकडं, चार कोस. तिथं पहिल्यांदा गेली तेव्हा बायांनी तिला बाळंतिणीच्या खोलीच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. पांढऱ्या कपाळाची बाई, हिची सावली कशाला लेकरावर? हे तोंडावर म्हणाली धुरपताबाई, गावातल्या मुंजाजी नावाच्या शेतकऱ्याची आई. शांतम्मा एवढी फटकळ, पण त्या बोलण्याला तिनं उलटं उत्तर दिलं नाही. बाहेर ओसरीवर बसून राहिली. पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊन बसली. असं चार महिने.

तिला आत नेलं ते तानुबाईनं. तानुबाई म्हणजे गावची सुईण, गावाच्या कडेला राहणारी, साठीची, गालात सदा तंबाखूची गोळी. चाळीस वर्षं त्या गावात जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येकाची नाळ तिनं कापलेली. मुंजाजीला ती भर चावडीवर म्हणायची, तू काय मला सांगतोस, तुला पहिल्यांदा उलटं म्याच धरलं. शांतम्माशी तिचं पहिलं वर्ष भांडणातच गेलं. मग एकदा एका बाईचं मूल आडवं आलं, आणि शांतम्मानं कोपरापर्यंत हात धुऊन ते फिरवलं, आई आणि लेकरू दोघंही वाचली. तानुबाई ते टक लावून बघत होती. तिनं मनात काही ठेवलं नाही. म्हणाली, हे मला येत न्हाई, मला दावा.

तेव्हापासून दोघींचं मेतकूट जमलं. शांतम्मा धामणवाडीला आली की आधी तानुबाईच्या दारात बसायची. खोटं कशाला सांगा, तिच्या घरचं पाणी मात्र प्यायची नाही. हैदराबादेत शिकली होती, पण शिवाशिवीचं ते एक तिच्यातून सुटलं नव्हतं. तानुबाईनंही कधी पाणी पुढं केलं नाही. तिच्याच पातेल्यात हत्यारं उकळायची आणि घोट घ्यायला नदीपर्यंत चालत जायचं, यात काही विचित्र आहे असं दोघींपैकी एकीलाही वाटत नव्हतं.

बेंबीवर गोवरीची राख दाबायची, ते तानुबाईनं सोडलं. विळा सोडायला दीड वर्ष लागलं. शांतम्मानं दोनदा अर्ज करून तिच्यासाठी दवाखान्यातून एक कात्री मिळवली. ती कशी उकळायची ते शिकवलं. घड्याळ कुठलं असायला, तर जात्यावर शेरभर ज्वारी दळून होईल तेवढा वेळ. तेवढाच वेळ दोराही उकळायचा. हात साबणानं धुवायचे. तानुबाई हुशार होती, एकदा बघितलं की दुसऱ्यांदा विचारायची नाही.

एकाच गोष्टीवर ती अडली. कात्री आणलेली विधवेच्या हातची. गावच्या बाया कुजबुजत होत्या, धुरपताबाई तर उघडच बोलत होती. विळा असता तर त्याला हळद-कुंकू लागलं असतं, सटवाईचं नाव घेतलं गेलं असतं. ही कोरडी कात्री लेकराला कशी लावायची? तानुबाईनं खाली बघत विचारलं, एक बोट कुंकू लावलं तर चालंल का, मुठीला, पात्याला न्हाई. ते कुंकू कुणाचा अपशकुन पुसण्यासाठी आहे, हे शांतम्माला कळत होतं. तिच्या आत कुठंतरी दुखलं. डॉक्टरीणबाई असत्या तर नाहीच म्हणाल्या असत्या. पण डॉक्टरीणबाईंना धामणवाडीच्या ओसरीवर चार महिने बसावं लागलं नव्हतं. विळा गेला, राख गेली, एका बोटाच्या कुंकवानं काय होतंय, असा हिशेब तिनं केला.

"लावा," ती म्हणाली. "मान द्यायला माझी ना न्हाई."

आता नर्मदाबाईचं सांगितलं पाहिजे. मुंजाजीची बायको. नाजूक, अबोल, कामाला वाघीण. तिची तीन लेकरं गेली होती, तिन्ही सातव्या-आठव्या दिवशी, तिन्ही तशीच, जबडा आवळून. त्यांची नाळ कापली होती तानुबाईच्याच विळ्यानं, शांतम्मा या गावात येण्याच्या आधी. आता चौथ्यांदा दिवस गेले होते. मुंजाजीच्या चुलत्यानं दुसरी पोरगी बघायला सुरुवात केली होती. धुरपताबाई तोंडानं फाटकी खरी, पण सुनेवर तिची माया होती. तिनंच सगळ्यांना थोपवून धरलं. एवढं एक बघू, म्हणाली, हे बी गेलं तर मी आडवी येणार न्हाई. हे नर्मदाच्या समोरच बोललं गेलं. म्हणजे पोटात वाढत होतं ते नुसतं लेकरू नव्हतं, त्या घरातली तिची जागाही त्याच्यावरच टिकून होती.

शांतम्मा दर आठवड्याला तिच्याकडं जायची. पाय सुजलेत का बघायची, दूध-भाकरी पोटात जातेय का ते धुरपताबाईला दटावून विचारायची. आठव्या महिन्यात एकदा नर्मदा अंगणात शेवया वळत होती, हात न थांबवता तिनं विचारलं.

"आक्का, हे राहील का?"

बारा वर्षांच्या नोकरीत शांतम्मानं असं वचन कुणाला दिलं नव्हतं. असलं विचारणाऱ्या बायांना ती म्हणायची, हात धुवा आणि काम करा. पण त्या दिवशी तिच्या जिभेला काय झालं कुणास ठाऊक. तिला त्या तिन्ही लेकरांचं मरण कशानं आलं ते माहीत होतं, आणि ते आता तिनं उकळत्या पाण्यात बुडवलं होतं.

"राहील," ती म्हणाली. "मी सांगायलेय म्हणून राहील."

फसली तेराशे पन्नासचा, म्हणजे एकोणीसशे एक्केचाळीसचा भादवा. वरच्या अंगाला धो-धो पाऊस झाला आणि दुधनेला पूर आला. चार दिवस अलीकडचं माणूस पलीकडं गेलं नाही. त्यातच पहिल्याच पहाटे नर्मदाच्या कळा सुरू झाल्या, पंधरा दिवस आधीच. शांतम्मा सेलूच्या काठावर दोन दिवस येऊन बसली आणि परत गेली. नावाड्याला शिव्या घातल्या, तर त्यानं हात जोडले. काय करणार तो तरी.

पाचव्या दिवशी पाणी उतरलं तशी ती कंबरभर पाण्यातून गेली. धामणवाडीत शिरते तो समोर तानुबाई, तोंडभर हसत. पोरगा झाला होता. पहाटे कळा, सूर्य वर येईपर्यंत मोकळी. सगळं तुमी सांगितल्यासारखं केलं, बाई. शांतम्मा धावतच घरात गेली. लेकरू लालबुंद, आईला ओढून ओढून पीत होतं. बेंबी जराशी ओलसर होती, पण लाल नव्हती, वास नव्हता. तिनं पुन्हा पुन्हा बघितली. मग पहिल्यांदा त्या घरात ती खळखळून हसली.

त्याच संध्याकाळी पाचवी होती. धुरपताबाईनं तिला आग्रहानं थांबवून घेतलं. पाटावर विळ्याच्या जागी कात्री मांडली होती, हळद-कुंकवानं माखलेली, पुढं नैवेद्य. ज्या बाईनं पांढरं कपाळ म्हणून उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं, तिनं शांतम्माच्या ओटीत लेकरू ठेवलं. बाया गाणी म्हणत होत्या. शांतम्मा लेकराच्या टाळूवर हात ठेवून बसली होती, आणि तिला आपली आठ दिवसांची मुलगी आठवत होती, पण त्या दिवशी त्यात पहिल्यासारखं बोचणं नव्हतं. आयुष्यातला एवढा एक दिवस तिला मिळाला. कमी नाही.

सातव्या दिवशी मुंजाजी स्वतः सेलूला आला. दवाखान्याच्या पायरीशी उभा राहिला. तिनं विचारलं, लेकरू कसं आहे?

"पीत न्हाई," तो म्हणाला. "तोंड उघडायला न्हाई."

चार कोस ती कशी चालली ते तिचं तिला ठाऊक. डॉक्टरांनी एक औषधाची बाटली दिली होती, आणि देताना मान हलवली होती. धामणवाडीत पोचली तेव्हा खोलीत अंधार केलेला, कारण उजेड आला की लेकरू ताठ व्हायचं. शांतम्मानं त्याच्या ओठाला करंगळी लावली. जबडा दगड झाला होता. दाराची कडी वाजली तेवढ्यानं त्याची पाठ धनुकलीसारखी वाकली. काय झालंय ते तिला दारातूनच कळलं होतं, पण कसं झालं ते काही केल्या कळेना. कात्री उकळली होती, राख लावली नव्हती. मग आलं कुठून?

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेलं. मुंजाजीनं ओढ्याकाठी नेऊन पुरलं. धुरपताबाई कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसली होती. नर्मदा रडलीच नाही. छाती दुधानं भरून लुगडं भिजलं होतं, ते तिनं पदर ओढून झाकलं. शांतम्मा तिच्याजवळ बसायला गेली तेव्हा ती तिच्याकडं बघून अगदी सावकाश म्हणाली, "आक्का, तुमी म्हणाला होता."

एवढंच. तिनं ओरडून शिव्या दिल्या असत्या तर शांतम्मानं सोसलं असतं. हे मात्र सोसवलं नाही. ती उठून बाहेर आली आणि सरळ तानुबाईच्या घरी गेली.

तानुबाई चुलीपुढं बसली होती, डोळे सुजलेले. शांतम्मानं कसलीही प्रस्तावना न करता सांगितलं, त्या दिवशी जे जे केलं ते सगळं मला करून दाखवा, एकही गोष्ट सोडू नका. तानुबाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट तिला तेच पाहिजे होतं. आपल्या हातून चूक झाली नाही हे बाईला दिसावं, म्हणून तिनं पातेलं चुलीवर चढवलं, कात्री आणि दोरा आत टाकला, जात्याशी बसून शेरभर ज्वारी दळली. एक दाणा कमी नाही. हात साबणानं धुतले, नखांतून काडी फिरवली. शांतम्मा बघत होती आणि मनात म्हणत होती, बरोबर, बरोबर, हेही बरोबर.

मग तानुबाई उठून दाराबाहेरून शेण घेऊन आली.

तानुबाईनं हातभर जागा सारवली. बोलत होती ती, सगळं समजावून सांगत. नुसतं मुठीला बोट लावून भागायचं न्हाई असं वाटलं मला, बाई. नर्मदीची तीन गेलेली. हिच्या लेकराला सगळा मान पायजे. म्हणून ताजं शेण आणलं, गाईचं, म्हशीचं न्हाई. तिनं सारवलेल्या ओल्या जमिनीवर चौक काढला. पातेल्यातली कात्री दोऱ्यानं उचलून त्या चौकावर आडवी ठेवली. दोन्ही पात्यांना हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडले. सटवाईला सांगितलं, एवढं एक सोड. आणि मग कात्री उचलून हवेत चालवून दाखवली, अशी कापली.

शांतम्मा त्या कात्रीकडं बघत राहिली. पात्याच्या खालच्या अंगाला शेणाची हिरवट ओल लागली होती. गावात जितक्या बाळांच्या नाळा कापल्या त्यांत सगळ्यांत जास्त मायेनं, सगळ्यांत जास्त मानानं कापलेली नाळ हीच असणार. आणि 'मान द्यायला माझी ना न्हाई' हे तिचे स्वतःचे शब्द.

पाणी द्या, ती म्हणाली. तानुबाईनं तांब्या दिला आणि तिनं तो घटाघटा रिकामा केला. काय मागितलं आणि काय दिलं, दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

सांगायचं की नाही? आईला नव्हतं सांगितलं. ही म्हातारी आईच्याच वयाची. गप्प बसलं, तर ही सटवाईला बोल लावून चार दिवस रडेल आणि मोकळी होईल. पण पुढच्या महिन्यात तिला दुसरीकडून बोलावणं येणार होतं. ती पुन्हा शेण आणणार होती, आणि या खेपेला जास्तच मायेनं. उमादेवीपाशी गप्प बसणं परवडलं होतं. इथं ती सोय नव्हती.

तानुबाईनं तिचा चेहरा वाचला. "बाई, म्या काय चुकवलं का?"

"चूक माझी," शांतम्मा म्हणाली. "मी तुमाला कुंकू लावू दिलं. कात्री एकदा उकळली की ती कशालाच टेकू द्यायची न्हाई, जमिनीला न्हाई, शेणाला न्हाई, हळदीला न्हाई. हे मी सांगायला पायजे होतं. शेणात विष असतंय. ते पात्याला लागलं आणि नाळेतून आत गेलं. त्यानं गेलं लेकरू."

तंबाखूची गोळी तानुबाईनं तोंडातून काढून बाजूला ठेवली.

"मंजी सटवाई न्हाई."

"न्हाई."

"नर्मदीचे आधीचे तीन?"

शांतम्मानं मान हलवली, तेही त्यानंच.

तानुबाई बोटांवर मोजत नव्हती, पण तिचे ओठ हलत होते. मनानं ती घराघरांतून जात होती, हे दिसत होतं. गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चाळीस वर्षं. शांतम्माला तिला थांबवायचं होतं, पण कोणत्या तोंडानं थांबवणार? सगळीच काही त्यानं गेली नसतील, असं ती पुटपुटली. तानुबाईनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. हिंडत हिंडत ती शेवटी गावाच्या कडेला आली, स्वतःच्या घरी.

"माझे दोन गेले, बाई," ती म्हणाली. "आठव्याच दिवशी, दोन्ही. त्यांची नाळ दुसरं कोण कापणार. म्याच कापली."

हैदराबादेत शांतम्माचा हात थांबला होता तेव्हा तिच्याजवळ कुणी बसलेलं नव्हतं. म्हणून ती आता उठली नाही. तिनं तानुबाईचा हात हातात घेतला आणि धरून ठेवला. खोटं काही बोलली नाही. दिवस कलायला लागेपर्यंत दोघी तशाच बसल्या.

मग तानुबाईनंच हात सोडवून घेतला. कात्रीवरचं कुंकू धुतलं, पातेल्यात नवं पाणी ओतलं आणि चूल फुंकली.

"परत दावा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

त्या दिवाळीनंतर मुंजाजीची दुसरी बायको घरात आली. धुरपताबाई शब्दाप्रमाणं आडवी आली नाही. नर्मदा माहेरी गेली नाही, कुठं जाणार होती? त्याच घरात राहिली, स्वयंपाक केला, शेत केलं. सवतीला सहा वर्षांत तीन लेकरं झाली, शेवटचं रझाकारांच्या गडबडीच्या साली, अर्धं गाव पळून गेलेलं असताना. तिन्ही जगली. तिन्हींची नाळ तानुबाईनंच कापली, त्याच कात्रीनं. गावात आठव्या दिवसाचं ते मरण नंतर दिसलं नाही. पण तानुबाई त्या दिवसापासून कुणाच्या पाचवीला गेली नाही, कितीही बोलावलं तरी.

त्या शेवटच्या बाळंतपणाला शांतम्मा हजर होती. तानुबाईचे हात तोवर थरथरायला लागले होते. नाळ कापायचा तेवढा क्षण ती ते आवरून धरायची, पण उकळलेली कात्री लेकरू बाहेर येईपर्यंत अधांतरी पेलणं तिला जमेना. म्हणून ते काम घरातल्या एका बाईनं आपणहून उचललं होतं. हात धुऊन, कात्री पातेल्यातून काढून, कशाला न टेकवता उभी धरायची. हाताला मुंग्या आल्या तरी हलायचं नाही. ती नर्मदा होती. कात्री का टेकवायची नाही, हे तिला शांतम्मानं कधी सांगितलं नव्हतं. तानुबाईनं सांगितलं होतं की नाही, ते शांतम्मानं विचारलं नाही. सवतीच्या किंकाळ्या चालल्या होत्या, आणि नर्मदा कोपऱ्यात भिंतीपासूनही हातभर दूर, ती कात्री छातीसमोर धरून उभी होती. लेकरू रडलं तशी ती पुढं झाली आणि कात्री तानुबाईच्या हातात दिली.